दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानप्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

अंतर मिळवणं सोपं आहे. हवाई अंतर सांगणाऱ्या कुठल्याही साधनात दोन्ही विमानतळ टाका, आकडा नॉटिकल मैलांत आला तर किलोमीटरसाठी १.८५२ ने गुणा, झालं. रस्त्याचं अंतर घेऊ नका आणि सपाट नकाशावर पट्टी तर मुळीच ठेवू नका. नकाशाकार मर्केटरच्या १५६९ च्या पद्धतीचे नकाशे ध्रुवांकडे ताणलेले असतात. टोकियोहून लॉस एंजेलिसला जाणारं विमान त्यांवर उत्तरेला वळसा घेताना दिसतं. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तीच जवळची वाट निघते.

किलोमीटरना विमानाच्या ताशी वेगाने, म्हणजे साधारण ८५० ने भागा आणि धावपट्टी, चढण, उतरण यांसाठी अर्धा तास मिळवा. लंडन ते न्यूयॉर्क साधारण ५,५५० किलोमीटर, म्हणजे सात तास. त्यात वारा धरा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे न्यूयॉर्कला जाताना आठेक तास लागतात, येताना सात किंवा त्याहूनही कमी. जाण्यायेण्याला एकच वेळ सांगणाऱ्यावर विसंबू नका.

खरा घोळ होतो तो घड्याळात. तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या शहराची असते आणि पोचायची पोचण्याच्या शहराची. हे मला ऐकून माहीत होतं, तरी वडिलांचं तिकीट पाहताना चुकलोच. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला. मी सरळ वजाबाकी केली, तीन तास धरले आणि त्यांच्या दुपारच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्या. बॅग गेली विमानाच्या पोटात. प्रवास आठ तासांचा निघाला आणि गोळ्या त्यांना उतरून बॅग हाती आल्यावरच मिळाल्या. तेव्हापासून मी तोंडी हिशेब करत नाही.

"पश्चिमेला जाताना तास वजा करा, पूर्वेला मिळवा" हा सल्ला विसरा. घाईत माणूस नेमकं उलटं करतो. दोन्ही वेळा तारखेसकट कागदावर लिहा, दोन्ही यूटीसीत (जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ) बदला आणि मगच वजाबाकी करा. हिवाळ्यात लंडनचे ११ म्हणजे यूटीसीचेही ११. न्यूयॉर्क पाच तास मागे, म्हणून तिथले दुपारचे २ म्हणजे यूटीसीचे १९. फरक आठ तास.

तारीख लिहायला सांगतोय ते उगाच नाही. टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालेलं विमान उन्हाळ्यात त्याच तारखेला सकाळी ११ च्या सुमारास लॉस एंजेलिसला उतरतं. यूटीसीत ८ ते १८, म्हणजे दहा तास. तारीख नसेल तर हे छापण्यातली चूक वाटते.

मार्चमध्ये जास्त जपा. अमेरिका उन्हाळ्यासाठी घड्याळ महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन-न्यूयॉर्क फरक पाच नाही, चार तासांचा असतो. फरक पाठ करू नका, प्रवासाच्या तारखेचा बघा.

मध्ये थांबा असेल तर प्रत्येक टप्पा वेगळा काढा. थांब्याच्या दोन्ही वेळा त्याच शहराच्या असतात, तिथे साधी वजाबाकी पुरते.