टायर तीन सेंटिमीटरने उंच झाला आणि फेंडर लायनर खरवडला

थारला कंपनीचे २४५/७५ आर १६ टायर होते. मित्राचं ऐकून २६५/७५ चढवले. गाडी देखणी दिसायला लागली, पण ताम्हिणी घाटाच्या पहिल्याच वळणावर स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढच्या चाकातून खर्रर्र आवाज आला. उतरून पाहिलं, तर फेंडर लायनरचं, म्हणजे चाकावरच्या आतल्या आवरणाचं, प्लास्टिक खरवडून पांढरं पडलेलं.

रात्री वही घेऊन बसलो. २४५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आणि १६ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. जुन्या टायरचा व्यास: २४५ × ०.७५ × २, अधिक रिमचे ४०६ मिमी, म्हणजे साधारण ७७४. नव्याचा ८०४! तीन सेंटिमीटरचा फरक. म्हणजे वर-खाली दीड-दीड, शिवाय जास्तीची रुंदी. स्पीडोमीटर ८० दाखवायचा तेव्हा गाडी ८३ने पळत होती, ते वेगळंच.

गाडी उंच करणारं लिफ्ट किट घालायला सगळे सांगत होते. मला नको होतं. २६५/७० घेतले: व्यास ७७७, रुंदी तेवढीच. फिटिंगवाल्याकडेच दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, एक चाक दगडावर चढवून पाहिलं, मगच पैसे दिले. आवाज गेला. २६५/७५ टायर मात्र तोट्यात विकावे लागले.