बीमरमध्ये स्लाइड करताना: सोलापुरातल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

एम.एस्सी.च्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा असो की पीएच.डी.चं सहामाही सादरीकरण, गणित-संख्याशास्त्राच्या मुलांना कधी ना कधी लाटेकमध्ये, म्हणजे मजकूर आणि सूत्रं कमांड लिहून मांडण्याच्या प्रणालीत, स्लाइड कराव्या लागतातच. प्रबंध लाटेकमध्ये लिहून झालेला असतो, सूत्रं तयार असतात. तीच सूत्रं पुन्हा पॉवरपॉइंटमध्ये एकेक करून भरण्यात काही अर्थ नसतो. मी सोलापुरात एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते आणि दर उन्हाळ्यात मुलांच्या स्लाइड तपासते. बीमर नव्याने शिकणाऱ्यांना जे मी समोर बसवून सांगते, तेच इथे लिहिते आहे.

बीमर हा लाटेकमधला स्लाइडसाठीचा डॉक्युमेंट क्लास, म्हणजे फाइलच्या पहिल्याच ओळीत निवडायचा आयता साचा. टिल टांटाउ यांनी तो २००३ साली स्वतःच्याच पीएच.डी.च्या सादरीकरणासाठी लिहिला आणि नंतर सगळ्यांसाठी खुला केला. म्हणजे तुम्ही ज्या अडचणीत आहात, नेमक्या त्याच अडचणीतून तो जन्मला. प्रमेय, सिद्धता, उदाहरण यांच्या चौकटी त्यात आयत्या मिळतात.

माझा पहिला आग्रह असा, की सुरुवात थीमपासून, म्हणजे स्लाइडच्या आयत्या रूपापासून, करू नका. नवा विद्यार्थी बीमर उघडतो आणि आधी वॉर्सा नावाची थीम लावतो, कारण सीनियरच्या फाइलमध्ये तीच असते. मग त्या निळ्या पट्ट्यांमध्ये मजकूर बसवायची धडपड सुरू होते. त्यापेक्षा कुठलीही थीम न लावता, कोऱ्या पांढऱ्या स्लाइडवर आधी सगळा मजकूर लिहून काढा. किती स्लाइड होतात, कुठे सूत्र मोठं होतंय, कुठला तक्ता मावत नाही, हे त्यातच कळतं. चादरीच्या जॅकार्ड मागावर नक्षी बदलायची तर कार्डं बदलतात, सूत तेच राहतं; बीमरचंही तसंच आहे. मजकूर एकदा नीट लिहिला, की रूप शेवटच्या दिवशी बदललं तरी आतल्या एका ओळीला हात लावावा लागत नाही.

मजकूर लिहिण्याआधी एकच गोष्ट ठरवून घ्या, ती म्हणजे स्लाइडचा आकार. बीमरची स्लाइड हा खरोखरच एक छोटासा कागद आहे: १२८ मिलिमीटर रुंद आणि ९६ मिलिमीटर उंच. आस्पेक्ट रेशो १६९ (म्हणजे १६:९) दिला की तो १६० बाय ९० होतो. अक्षर मुळात ११ पॉइंटचं असतं. ११ आकडा बघून मुलांना ते बारीक वाटतं, पण कागदाची उंचीच ए-४च्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी आहे. म्हणून पडद्यावर तेच अक्षर चांगलं ठसठशीत दिसतं. ते ८ पॉइंटवर आणून आणखी चार ओळी कोंबू नका. फ्रेमला (बीमरमध्ये एका स्लाइडला फ्रेम म्हणतात) श्रिंक हा पर्याय देऊन मजकूर आपोआप आक्रसता येतो, पण मग प्रत्येक स्लाइडवर अक्षराचा आकार वेगळा पडतो. बीमरच्या मार्गदर्शिकेनेही तो वापरू नका असंच बजावलं आहे. मजकूर मावत नसेल तर दुसरी स्लाइड करा. आणि सादरीकरण जिथे होणार त्या खोलीतला प्रोजेक्टर आधी बघून या. जुना ४:३चा असेल आणि तुम्ही १६:९ची फाइल नेली, तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि सगळंच लहान दिसतं.

खोलीचा विषय निघालाच आहे तर रंगांचंही सांगते. आपल्याकडे तोंडी परीक्षा एप्रिल-मे महिन्यात येतात. सोलापूरचं ऊन तुम्हाला वेगळं सांगायला नको. पारा चाळिशीच्या वर, वर्गात माणसं भरलेली, वीज असली तरी पंखे पुरत नाहीत, म्हणून खिडक्या सताड उघडाव्या लागतात. पडदे असले तरी वाऱ्यासाठी बाजूला सारलेले. म्हणजे प्रोजेक्टरच्या पडद्यावर बाहेरचा उजेड पडणारच. अशा खोलीत काळ्या किंवा गडद निळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं विरून जातात. प्रोजेक्टर काळा रंग पाडू शकत नाही, तो फक्त तिथे प्रकाश टाकत नाही. खिडकीतून आलेला उजेड त्या काळ्याचा राखाडी करून टाकतो. म्हणून इथल्या खोल्यांसाठी माझं मत ठाम आहे: पार्श्वभूमी पांढरी, अक्षर काळं, आणि एकच गडद रंग. पिवळा, पोपटी, आकाशी हे रंग आलेखाच्या रेषांनासुद्धा देऊ नका.

तो एक गडद रंग लावायची बीमरमधली सोय फार सुरेख आहे. सेटबीमरकलर या कमांडने स्ट्रक्चर नावाच्या घटकाचा रंग एकदा बदलला, की स्लाइडची शीर्षकं, यादीतले ठिपके, चौकटींचे मथळे, अनुक्रमणिका असं सगळं एकदम बदलतं. मी मुलांना चादरीतला मरून किंवा बाटलीचा हिरवा घ्यायला सांगते. दोन्ही उजेडात टिकतात आणि झेरॉक्समध्येही काळेच उमटतात.

आता थीमकडे वळा, पण ती उलगडून बघा. बीमरमधल्या मुख्य थीमना शहरांची नावं आहेत: बर्लिन, माद्रिद, वॉर्सा, सिंगापूर, कोपनहेगन. प्रत्येक शहराच्या आत चार थर असतात: रंगाची थीम, अक्षराची थीम, आतली थीम आणि बाहेरची थीम. रंगांच्या थीमना बहुतेक पशुपक्ष्यांची आणि फुलांची नावं आहेत, जसं व्हेल, डॉल्फिन, ऑर्किड. आतली थीम ठिपके आणि चौकटींचं रूप ठरवते, बाहेरची थीम वरची, खालची आणि बाजूची पट्टी. हे चारही थर वेगवेगळे निवडता येतात, हे नव्या मुलांना कुणी सांगतच नाही. कुणाला वॉर्साच्या गोल कोपऱ्यांच्या चौकटी आवडतात. मग आतली थीम राउंडेड घ्या आणि वरच्या पट्ट्या सोडून द्या.

पंधरा मिनिटांच्या सादरीकरणात विभागांची वरची पट्टी काही कामाची नसते. एका मुलाने तळपट्टीत स्वतःचं नाव, मार्गदर्शकांचं नाव, महाविद्यालय, प्रकल्पाचं पूर्ण शीर्षक आणि तारीख असं सगळं घातलं होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “मॅडम, लॅपटॉपवर तर भारी दिसायलंय की!” मी त्याला प्रोजेक्टर लावायला सांगितला आणि म्हटलं, “जा, शेवटच्या बाकावर बसून ती पट्टी मला वाचून दाखव.” तो गेला, डोळे बारीक करून बघत राहिला, आणि तिथूनच म्हणाला, “खालचं काढून टाकू का मॅडम? नुसता नंबर ठेवतो.” तळपट्टीत खरोखर लागतो तो तेवढाच, फ्रेम क्रमांक. “सातव्या स्लाइडवर परत जा” असं परीक्षकांना म्हणता आलं पाहिजे. फुटलाइनचा फ्रेम नंबर हा पर्याय लावा, आणि उजव्या कोपऱ्यातली फिकट नेव्हिगेशन चिन्हं रिकामा टेम्प्लेट देऊन घालवा. ती कुणी वापरताना मी पाहिलेलं नाही. प्रश्नोत्तरांसाठी जादा स्लाइड ठेवणार असाल तर त्या अपेंडिक्समध्ये (शेवटच्या पुरवणीत) घाला आणि अपेंडिक्सनंबरबीमर हे पॅकेज, म्हणजे जादा सोयीची आयती फाइल, जोडा, म्हणजे एकूण संख्येत त्या मोजल्या जात नाहीत.

सूत्रांबद्दल एक छोटी पण मोलाची गोष्ट. बीमर सूत्रंही साध्या, बिनशेपटीच्या अक्षरात मांडतो, त्यामुळे पुस्तकात ओळखीचे झालेले एक्स आणि व्ही इथे अनोळखी दिसतात. अक्षराच्या थीममध्ये सेरिफ (शेपटीचं अक्षर) निवडून तिला ओन्लीमॅथ हा पर्याय दिला, की फक्त सूत्रं पुस्तकासारखी होतात, बाकी मजकूर तसाच राहतो. आणि आर या संख्याशास्त्रात वापरायच्या संगणकभाषेचा कोड जशाच्या तसा दाखवायचा असेल तर त्या फ्रेमला फ्रॅजाइल लिहायला विसरू नका. नाही तर जे एरर येतात त्यांचा अर्थ भल्याभल्यांना लागत नाही.

मराठीत स्लाइड करायच्या असतील तर थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं, आणि ते द्यावंच असं मला मनापासून वाटतं. शेतकऱ्यांसमोर किंवा शाळेतल्या मुलांसमोर बोलायचं असेल तर इंग्रजी स्लाइड कशाला? लाटेकच्या फाइलची पीडीएफ करणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात. नेहमीचा पीडीएफलाटेक इथे सोडा, झीलाटेक घ्या; ओव्हरलीफ या ब्राउझरमध्ये लाटेक लिहायच्या संकेतस्थळावरही कंपायलर बदलता येतो. फॉन्टस्पेक पॅकेज जोडून नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता हा फॉन्ट लावा. बीमर मुळात सान्स, म्हणजे बिनशेपटीचं, अक्षर वापरतो, म्हणून तो सेटमेनफॉन्टने नव्हे, सेटसान्सफॉन्टने लावायचा. सोबत स्क्रिप्ट देवनागरी असं लिहायलाच हवं. ते राहिलं तर “सोलापूर जिल्हा” या शीर्षकात ‘जि’ची वेलांटी ज सोडून पुढच्या ल वर जाऊन बसते आणि ल्ह फुटून ल खाली हलन्त लोंबतो. फॉन्टमध्ये सोय असेल तर भाषा मराठी दिल्यावर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. ओळींमधलं अंतर लाइनस्प्रेडने थोडं वाढवा, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत अडकतात.

एकेक मुद्दा उलगडण्यासाठी पॉझ ही कमांड आहे, ती सिद्धतेत वापरा, यादीत वापरू नका. परीक्षकांना कागदी प्रत हवी असेल तर डॉक्युमेंट क्लासला हँडआउट हा पर्याय द्या. त्याने पॉझमुळे झालेली जादा पानं एकत्र होतात. पीजीएफपेजेस या पॅकेजने एका आडव्या ए-४ पानावर चार स्लाइड बसवा, मगच झेरॉक्सच्या दुकानात जा.

हे सगळं जमलं, की तुमचे रंग, अक्षर आणि तळपट्टीच्या ओळी एका वेगळ्या एसटीवाय फाइलमध्ये (लाटेकच्या शैलीच्या फाइलमध्ये) काढून ठेवा. फाइलच्या नावाची सुरुवात बीमरथीम अशी हवी आणि पुढे तुमचं नाव. आमच्या विभागातल्या मुलांनी तिथे सोलापूर लिहिलं. ती फाइल तुमच्या टेक फाइलच्या (स्लाइडचा मजकूर असलेल्या फाइलच्या) शेजारी त्याच फोल्डरमध्ये ठेवली की बर्लिन-माद्रिदच्या जागी यूजथीममध्ये सोलापूर लिहिता येतं. पुढच्या वर्षीच्या मुलांना द्याल तेव्हा नुसती फाइल देऊ नका, प्रत्येक ओळीवर ती काय करते याची एक टिप्पणी लिहून द्या. आणि परीक्षेच्या दिवशी पेनड्राइव्हमध्ये पीडीएफच न्या. फॉन्ट त्यातच भरलेले असतात, त्यामुळे समोरच्या संगणकावर लाटेक नसलं, मराठी फॉन्ट नसला, तरी काही अडत नाही.