दादांचं फेसबुक तुमच्या गळ्यात पडलंय?

विधानसभा लागली की मोबाईलमध्ये हुशार असलेल्या पोराला निरोप येतो, ‘दादांचं सोशल मीडिया तू बघ.’ दादा म्हणजे उमेदवार. बार्शीत माझं डीटीपीचं दुकान आहे. अशी पोरं दादांचा फोटो कट करून घ्यायला माझ्याकडेच येतात. त्यांना सांगतो तेच इथे लिहितोय.

रील नंतर, आधी कागद. उमेदवारी अर्जासोबतच्या फॉर्म 26 मध्ये, म्हणजे प्रतिज्ञापत्रात, दादांची सोशल मीडिया खाती लिहावी लागतात. ‘दादाप्रेमी’, ‘फिक्स आमदार’ असली पेजेस कोण चालवतं, पासवर्ड कुणाकडे, हे अर्ज भरण्याआधीच शोधा आणि अधिकृत पेज एकच ठेवा. साध्या पोस्टला मंजुरी लागत नाही. पण पैसे भरून जास्त लोकांना दाखवायचं, म्हणजे बूस्टचं, बटण दाबलं की ती जाहिरात झाली. जाहिरात आधी जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीकडून, सगळे एमसीएमसी म्हणतात तिच्याकडून, मंजूर करून घ्यायची. मंजुरीचा अर्ज जाहिरात लावण्याच्या किमान 3 दिवस आधी. मेटाची, म्हणजे फेसबुकच्या कंपनीची, ओळखपत्राची पडताळणी वेगळी, तीही आधीच उरकून घ्या.

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा 40 लाख. त्यात जाहिरातीचे पैसे, व्हिडिओवाल्याचं बिल आणि तुमचा पगारसुद्धा धरतात. लपवून उपयोग नाही. मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत कुठल्या पेजने राजकीय जाहिरातींवर साधारण किती घातले ते कुणालाही दिसतं. समोरच्याचं तुम्हीही रोज बघा. तो कशावर जोर लावतोय याचा अंदाज येतो.

आता खरं काम. लाइक मोजत बसू नका. निम्मे लाइक पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांचे असतात आणि त्यांची नावं इथल्या यादीत असतीलच असं नाही. मतदारयादीच्या प्रत्येक भागाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा. अ‍ॅडमिन त्याच गल्लीतला हवा, म्हणजे कोण रुसलंय ते त्याला ठाऊक असतं. ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ हे सेटिंग मला पटत नाही. शिव्या आल्या तरी येऊ द्या. ग्रुपचं तोंड बंद केलं की लोक तो म्यूट करून मोकळे होतात.

ड्रोन, ढोल, स्लो मोशन सगळेच करतात. त्यापेक्षा जळालेल्या डीपीपाशी, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, दादांना उभं करा, शेजारी तिथलाच शेतकरी, आणि वीज किती दिवस नाही ते त्यालाच बोलू द्या. मोबाईल उभा धरा, वारा असेल तर कॉलर माईक लावा. खाली मोठ्या अक्षरात मजकूर हवाच. एसटीत बसलेला माणूस आवाज बंद ठेवून बघतो. आणि श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं थेट व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवू नका, नुसता कचरा दिसतो. युनिकोड करून घ्या.

दादांच्या प्रत्येक भाषणाचं अख्खं रेकॉर्डिंग जपून ठेवा. कापलेली क्लिप फिरायला लागली की तारीख-गावासह मूळ भाग त्याच ग्रुपवर टाकता येतो. डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेला खोटा व्हिडिओ, आपल्या बाजूने कुणी आणून दिला तरी हात लावू नका. निदर्शनास आल्यापासून 3 तासांत असला मजकूर काढा, असं निवडणूक आयोगाने मे 2024 मध्ये पक्षांना बजावलंय.

मतदान संपण्याआधीचे 48 तास प्रचार बंद. 2024 ला मतदान 20 नोव्हेंबरला सायंकाळी 6 पर्यंत होतं, म्हणजे 18 तारखेला 6 वाजता सगळं थांबायला हवं होतं. जाहिरात लावतानाच शेवटची वेळ टाकून ठेवा, त्या संध्याकाळी कुणाला सवड नसते.

बिलं पीडीएफ करून ठेवा. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यावा लागतो. दादा निवडून येवोत की पडोत, तेव्हा फोन तुम्हालाच येणार.