पक्षाघाताचा रुग्ण घरी आणण्याआधीची तयारी

डिस्चार्जची तारीख कळली की घरातले आधी पलंग शोधायला धावतात. पलंग भाड्याने एका दिवसात मिळतो, माणूस मिळायला वेळ लागतो. म्हणून पहिला फोन रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोला करा. ‘पेशंट सांभाळायला मावशी हव्यात’ एवढं सांगून भागत नाही. वजन, कोणती बाजू लुळी, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी भरवण्याची नळी) आणि कॅथेटर (लघवीची नळी) आहे का, पाळी १२ तासांची की २४, सारं सांगा. आधारची प्रत, पोलीस पडताळणी, सुट्टीच्या दिवशी बदली कोण, मावशींचं जेवण आणि विश्रांतीची जागा हेही आधीच ठरवा. नळी बदलणं आणि इंजेक्शन ही कामं नर्सची आहेत, ती मावशींवर ढकलू नका. शक्य झालं तर मावशी आणि घरातलं एक माणूस, दोघांनीही वॉर्डातच सिस्टरांकडून कूस बदलणं आणि नळीने भरवणं स्वतःच्या हाताने करून शिकावं.

पलंग डोकं आणि गुडघे वर होणारा घ्या, दोन्ही बाजूंना उभं राहता येईल असा ठेवा. नेहमीच्या गादीवर एअर मॅट्रेस अंथरा. रुग्ण झोपल्यावर कमरेच्या जागी मॅट्रेसखाली हात घाला. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलणं चुकत नाही. सुरुवातीला दर २ तासांनी डावी कूस, पाठ, उजवी कूस. आडवी चादर दोघांनी धरून रुग्णाला उचलून सरकवा, ओढलं तर आतल्या आत कातडी फाटते. पोटऱ्यांखाली उशी द्या म्हणजे टाचा अधांतरी राहतील. रबरी रिंग मात्र नको, तिच्या कडेचा दाब रक्तपुरवठा अडवतो. माकडहाड, खुबे, टाचा रोज तपासा. लाल जागा बोटाने दाबून फिकी पडत नसेल तर बेडसोअर, म्हणजे सततच्या दाबाने होणारी जखम, सुरू झालाय. ती चोळू नका, तिथला भार काढा आणि डॉक्टरांना कळवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे गरम किंवा टणक लागतं का ते हाताने पाहा.

नळीने भरवताना आणि पुढे तासभर डोकं ३० ते ४५ अंश वर हवं, पण आधी गुडघे थोडे उचला, नाहीतर रुग्ण खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी घासली जाते. नाकाजवळची नळीवरची खूण सरकली असेल तर काहीही घालू नका, नर्सला बोलवा. भरवण्याआधी व नंतर साधारण ३० मिली पाणी सोडा, त्याने नळी तुंबत नाही. कोणत्या गोळ्या कुटायच्या नाहीत ते डॉक्टरांना विचारा: एसआर लिहिलेली गोळी कुटली तर हळूहळू मिळायचा डोस एकदम पोटात जातो.

लुळा हात ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका, खांदा निसटतो. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. युरिन बॅग कमरेच्या पातळीखाली टांगा, पण जमिनीला टेकू देऊ नका. बाथरूमच्या दाराची रुंदी मोजल्याशिवाय कमोड चेअर आणू नका.

एक जाड वही पलंगाशी बांधून ठेवा: वेळ, कूस, किती भरवलं, लघवी किती, शौच, कातडी. पाळी बदलताना मावशी आणि घरचं माणूस दोघांनी ती एकत्र वाचायची. १२ तासांच्या मावशी रात्री ८ ला निघाल्या की कूस बदलायची ती घरच्यांनीच, आणि नेमकी मध्यरात्रीनंतरचीच चुकते. ते काम बहुतेक घरांत न बोलता बायकोवर किंवा सुनेवर येतं. पहिल्या १५ रात्रींची नावं आधीच कॅलेंडरवर लिहा, त्यात मुलाचं नावही येऊ द्या.