नाल काढल्यावर घोडी लंगडायलीय? या चुका टाळा

जत्रा, शर्यती, लग्नं सगळं आटपलं आणि पाऊस तोंडावर आला की आमच्या बेळगाव-खानापूर-चिकोडी पट्ट्यात दरवर्षी हेच. आता दोन-तीन महिने काम नाही म्हणून घोड्याचे नाल काढतात, आणि चौथ्या दिवशी मला फोन, "मामा, घोडी पायच टेकवंना झालीय बगा." काय काय केलंस म्हणून विचारलं की उत्तरं पण ठरलेली. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहितो.

सगळ्यात मोठी चूक, नाल काढायच्या दिवशीच तळवा तासणे. ही मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा जास्त बोलतो. माझ्या पहिल्या घोडीचे नाल काढायला नालबंद आला, त्यानं नाल उपटले आणि कानस हातात घेतली, तर मीच शहाणपणा केला, म्हटलं आता हात लागलाच आहे तर तळवा पण चकाचक करून द्या. त्यानं सुरी लावली. तळवा निघाला ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा, मी खूश. अंगठ्यानं दाबलं तर आत दबत होता, खरं तेव्हा त्याचा अर्थ कळायची अक्कल नव्हती. संध्याकाळी तिला पाण्याला नेली, वाटेत नवीन खडी टाकलेली. दहा पावलं गेली आणि थांबली, मान वर-खाली करत एकेक पाय असा ठेवायली की जसं आपण चपलेशिवाय उन्हात तापलेल्या फरशीवर चालतो. शेवटी रस्ता सोडून गटाराकडच्या चिखलात जाऊन उभी राहिली, काही केल्या हलंना. वडील मागून येत होते, काही बोलले नाहीत, नुसतं तिच्याकडं आणि माझ्याकडं बघितलं. पुढं सहा आठवडे ती घोडी दावणीलाच.

कारण साधं आहे. नाल असतो तोवर बहुतेक भार खुराच्या कडेवर, तळवा जमिनीपासून उचललेला. नाल निघाला की तो पहिल्यांदा खाली लागतो, आणि त्याच दिवशी तुम्ही त्याची जाडी पण काढून घेता. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, वरच्या केसांपासून खालपर्यंत अख्खा नवा यायला ९ ते १२ महिने. पाच मिनिटांत तासलेलं भरून यायला किती दिवस लागणार ते तुम्हीच मोजा.

म्हणून आता मी काय करतो, तर तळव्याला सुरी लावूच देत नाही. नालबंद रुसला तरी चालेल. फक्त कडेची धार कानशीनं गोल करून घ्यायची, ताटाच्या काठासारखी, म्हणजे खिळ्यांच्या भोकांपाशी कपचे उडत नाहीत. आणि चारी नाल एकदम काढत नाही. मागचे आधी, पुढचे पंधरा-वीस दिवसांनी, कारण अंगाचा साठेक टक्के भार पुढच्या पायांवरच असतो.

खिळ्यांची मुरडलेली टोकं न कापता पक्कडीनं नाल ओरबाडू नका, खुराची भिंत फाटते. जळकं इंजिन ऑईल खुराला चोपडू नका, कुणी सांगितलं तरी. शेण-मुताच्या चिखलात बांधून "खूर मऊ होतील" म्हणणाऱ्यांना तर काय बोलणार, मऊ खूर हाच तर त्रास. खानापूरकडं पावसात खूर आठ-आठ दिवस वाळत नाहीत आणि वरून जांभ्याचा टोकदार मुरूम. अथणी-गोकाककडच्या काळ्या रानात निदान पायाखाली मऊ तरी असतं.

दुसरी चूक, इंजेक्शन. लंगडली की मेडिकलमधून माणसाची दुखण्याची गोळी नाहीतर इंजेक्शन आणायचं, दोन तासांत घोडी बरी दिसायली की परत पळवायची. अरे दुखणं गेलं नाही, फक्त तिला कळंना झालंय, आणि त्याच ठेचलेल्या तळव्यावर तुम्ही तिला परत आपटताय. त्यात डायक्लोफेनॅक हे दुखण्याचं औषध तर, ते दिलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं मरतात म्हणून २००६ पासून जनावरांना द्यायला बंदी आहे, तरी पाकीट घेऊन येणारे येतातच. औषध काय, किती, ते डॉक्टर ठरवतील. घाई असलेल्या माणसानं घोडं पाळूच नये, मोटरसायकल घ्यावी.

माझा उपाय म्हणजे वेळ आणि गादी. जुन्या फोमचा जाड तुकडा खुराच्या मापानं कापायचा, वरून रुंद चिकटपट्टी गुंडाळायची, पट्टी केसांच्या कडेवर चढू द्यायची नाही. दिवसा बांधायचं, रात्री सोडून खूर वाळवायचे. पहिले पंधरा दिवस रानातल्या मऊ मातीवर हातात धरून चालवणं, बस्स.

आता हे मात्र नीट वाचा. खूर गरम लागायलेत, घोट्याच्या मागं दोन्ही बाजूला बोट ठेवलं तर नाडी ठणाठणा उडायलीय, आणि घोडी पुढचे पाय लांब टाकून मागं रेलून उभी आहे, तर ते नाल काढल्याचं दुखणं नव्हे. आमच्याकडं गुऱ्हाळं जवळ, कौतुकानं गूळ चारतात, रिकाम्या घोडीला शर्यतीचाच हरभरा-मका चालू ठेवतात, त्यातनं खुराच्या आत सूज येते. धान्य-गूळ लगेच बंद, पाय बर्फाच्या पाण्यात आणि डॉक्टरला त्याच तासाला फोन, सकाळची वाट बघू नका. एकच पाय अचानक उचलून धरला असेल तर बहुधा आत पू नाहीतर खिळा, तेव्हा धनुर्वाताची सुई विसरू नका, घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो.

परवा एक पोरगं म्हणालं, अंकलीहून माऊलींचे घोडे आळंदीपर्यंत चालत जातात, मग माझं टांग्याचं घोडं बिननालाचं डांबरीवर का नाही चालणार? त्या घोड्यांची निगा कशी राखतात ते कधी बघितलंस काय, म्हटलं. गप्प. रोज डांबरीवर ओझं ओढायचं असेल तर नाल लागतातच. त्याला नालबंदाचा नंबर दिला.