ट्रकचा क्राऊन बदलून अ‍ॅव्हरेज वाढवताना या चुका टाळा

गेली पंचवीस वर्षे मी नाशिकजवळ महामार्गालगत अवजड वाहनांची हौसिंग, म्हणजे मागच्या आसाची दातचक्रे असलेली पेटी, उघडण्याचे आणि बसवण्याचे काम करीत आहे. डिझेलचे भाव चढले की एकच मागणी घेऊन मालक येतात: ‘क्राऊन बदलून द्या, अ‍ॅव्हरेज वाढले पाहिजे.’ मागणी रास्त आहे, परंतु ती पुरी करताना त्याच त्या चुका होतात, आणि वाचलेल्या डिझेलपेक्षा त्या निस्तरण्याचा खर्च मोठा होतो.

आधी हिशेब समजून घ्यावा. हौसिंगमध्ये पिनियन हे लहान दातचक्र क्राऊन या मोठ्या दातचक्राला फिरवते आणि क्राऊन चाकांना. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की रेशो मिळतो. ६/४१ च्या (पिनियनला ६ आणि क्राऊनला ४१ दात) जोडीचा रेशो ६.८३ आणि ७/४१ च्या जोडीचा ५.८६. आकडा मोठा असेल तर ओढ जास्त आणि वेग कमी. नवशिके नेमके याच्या उलट धरून चालतात. १०.००-२० मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर अंतर कापतो, असे धरले तर टॉप गिअर थेट असलेल्या, म्हणजे त्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट सारखेच फेरे घेतात अशा, गाडीचे इंजिन ताशी ६० किलोमीटरला पहिल्या जोडीवर मिनिटाला सुमारे २१३५ फेरे घेते आणि दुसऱ्या जोडीवर सुमारे १८३०. हे तीनशे फेरे वाचले म्हणजे इंजिनातील घर्षणात जाणारे डिझेल वाचले. सगळा फायदा एवढाच आहे, आणि तो खरा आहे.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हौसिंगमध्ये होत नाही, ती मीटरमध्ये होते. बहुतेक ट्रकमध्ये किलोमीटर मोजणारी केबल किंवा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असतो, म्हणजे तो प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून हौसिंगपर्यंत जाणाऱ्या दांड्याचे) फेरे मोजतो, चाकाचे नव्हे. ६/४१ काढून ७/४१ बसवले आणि मीटर तसाच ठेवला, तर गाडी सात किलोमीटर चालते तेव्हा मीटर सहाच दाखवतो.

सिन्नरच्या एका मालकाच्या दहा चाकी गाडीला मी हीच जोडी बसवली होती. गाडीची नाशिक-इंदूर अशी ठरलेली फेरी होती. जाऊन-येऊन मीटरवर सुमारे ८४० किलोमीटर भरत आणि २१० लिटर डिझेल लागे, म्हणजे लिटरला चार. क्राऊन बदलल्यावर पहिल्या फेरीला २०० लिटर लागले, पण मीटरवर ७२० किलोमीटरच आले. मालकाने भागाकार केला, ३.६ उत्तर आले, आणि संतापून त्यांनी दुसऱ्या गॅरेजमध्ये जुना रेशो परत बसवून घेतला. जुनी जोडी भंगारात गेलेली असल्याने तेथे एका गाडीचा क्राऊन आणि दुसऱ्या गाडीचा पिनियन जुळवण्यात आला. दोन महिन्यांनी गाडी माझ्याकडे आली तेव्हा रिकाम्या गाडीचे हौसिंगही शंभर पावलांवरून ऐकू येईल असे रडत होते.

मी त्यांची डायरी मागून घेतली. त्याच गोदामापासून त्याच गोदामापर्यंतचा रस्ता १२० किलोमीटरने कमी कसा होईल, हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. खरे अंतर धरले तर अ‍ॅव्हरेज ४.२ पडले होते. गाडी सुधारली होती आणि आम्ही ती बिघडवली. मीटर दुरुस्त करून घेण्याचे मी बजावले नव्हते, हा दोष माझा होता, आणि त्या दिवसापासून मीटरची व्यवस्था लागल्याशिवाय मी गाडी बाहेर सोडत नाही. नव्या गाड्यांत हा प्रश्न पैशापुरता राहत नाही. वेगमर्यादक याच मोजणीवर चालत असेल, तर ८० वर बांधलेली गाडी प्रत्यक्षात ९३ ने धावते आणि चालकाला त्याचा पत्ता नसतो.

हिशेब पडताळण्याची माझी पद्धत साधी आहे. पंप तोच, टाकी काठोकाठ, अंतर रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून, आणि किमान तीन फेऱ्या होईपर्यंत मत द्यायचे नाही. एका फेरीवरून निकाल देणाऱ्या मालकाचे काम घेण्याआधी आता मी दोनदा विचार करतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे रस्ता न पाहता रेशो निवडणे. न्हावा-शेव्याहून भरलेला माल घेऊन कसारा घाट चढणाऱ्या गाडीला सपाटीवरच्या गाडीचा क्राऊन घातला, तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ सातव्या हिश्शाने घटते. मग चालक चढावर एक गिअर खालीच ठेवतो, म्हणजे इंजिनाचे फेरे पुन्हा जिथल्या तिथे येतात, आणि चढावर थांबून उठताना हाफ क्लचवर गाडी ओढावी लागते. अशा गाडीची क्लच प्लेट मी खोलली आहे. अस्तर जळून काळे झालेले होते आणि फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते. म्हणून मी मालकाला नव्हे, चालकाला विचारतो की भरलेल्या गाडीला टॉप गिअर किती वेळ टिकतो. निम्म्याहून कमी वाट टिकत असेल तर मी क्राऊन बदलण्यास नकार देतो. रेशोही कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्यांपैकीच निवडावा.

दोन हौसिंगच्या टिपरमध्ये एकाच हौसिंगचा रेशो बदलू नये. दोन्ही हौसिंग एकमेकांविरुद्ध ओढतात आणि काहीतरी तुटतेच.

विकत घेतलेल्या जुन्या गाडीचा रेशो कागदावरून धरू नये, मोजावा. एका बाजूचे चाक उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, शाफ्टवर खडूची खूण करावी आणि ते चाक दोन पूर्ण फेरे फिरवावे, कारण दुसरे चाक जमिनीवर असताना दोन फेऱ्यांत क्राऊन एकदाच फिरतो. शाफ्टचे जितके फेरे भरतील तितका रेशो. एकच फेरा फिरवून ‘तीनचा क्राऊन आहे’ म्हणणारे मी पाहिले आहेत.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकत्र घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असतो. तो जुळत नसेल तर जोडी परत करावी. बसवल्यावर दातांना रंग लावून ठसा पाहण्याचे काम शिकाऊ मुलांना नकोसे वाटते, कारण त्यात अर्धा दिवस जातो. मला मात्र तो ठसा दाताच्या मधोमध पडलेला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावा लागतो. कडेला सरकलेला दिसला तर शिम, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या, बदलण्यासाठी हौसिंग पुन्हा खोलले जाते, मग मालक बाहेर कितीही ताटकळत उभा असो.