आर्णी-घाटंजीकडून येणाऱ्यांसाठी: इंग्रजीच्या परीक्षेचं आधी बोलू

आर्णी, घाटंजी, दिग्रस, मानोरा या आमच्या पट्ट्यातून इंग्लंडात येणारी माणसं आता बरीच झाली. कोणी नर्सिंग करून येतं, कोणाला एम.एस्सी.ला प्रवेश हवा असतो, कोणी नवऱ्याच्या व्हिसावर येते आणि मग इथेच शिकायचं ठरवते. सगळे विचारतात की तुरीची डाळ मिळते का, थंडीचे कपडे तिकडूनच आणू का. डाळ मिळते, आणि कपडे इकडे येऊन घ्या. इंग्रजीच्या परीक्षेबद्दल विचारायला मात्र फोन येतो तो पहिला निकाल हातात पडल्यावर, म्हणजे पैसे गेल्यावर.

पदवीच्या शिक्षणासाठी जी परीक्षा बहुतेक जण देतात ती आयईएल्टीएस ॲकॅडमिक. गुण 9 बँडपैकी मिळतात. मास्टर्ससाठी बरीच विद्यापीठं एकूण 6.5 मागतात, शिवाय कुठल्याही भागात 6 च्या खाली नको म्हणतात. नर्सेसची नोंदणी करणारी इथली एनएमसी वाचन, ऐकणं आणि बोलणं यांत 7 मागते, लेखनात 6.5. नर्सना ओईटी नावाच्या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेचा रस्ताही मोकळा आहे. त्यात लिहायचं पत्र एखाद्या रुग्णाच्या नोंदींवरून असतं आणि बोलायचं ते रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसाशी. दवाखान्यात वर्षानुवर्षं ड्युट्या केलेल्या ताईने आधी ओईटीचाच विचार करावा असं मी सांगते, कारण तिथले विषय तिच्या हाताखालून गेलेले असतात.

फॉर्म भरताना दोन गोष्टी पाहा. आयईएल्टीएसचा जनरल ट्रेनिंग हा प्रकार वेगळा आहे, विद्यापीठाला तो चालत नाही. आणि व्हिसासाठी यूकेव्हीआय, म्हणजे इथल्या व्हिसा खात्याने मान्य केलेल्या प्रकारचीच परीक्षा हवी की साधी ॲकॅडमिक चालेल, हे विद्यापीठाकडून ईमेलवर लेखी घ्या. पेपर दोन्हीकडे सारखाच, पण निकालाचा कागद वेगळा, आणि कागदावरच सगळं अडतं. फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. एका क्विंटल कापसाला येतात त्याच्या दुपटीहून जास्त.

आता अडतं कुठे ते सांगते. 2000 सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधीच्यांची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. म्हणून पस्तिशीच्या पुढची माणसं लगेच म्हणतात, आमचा पायाच कच्चा. मला तसं वाटत नाही. त्या पिढीने व्याकरण घोकलेलं असतं आणि वाचलेलं बऱ्यापैकी कळतं. खरी पंचाईत होते अनोळखी माणसासमोर आपलं मत मांडून ते दोन मिनिटं लावून धरताना. शाळेत सरांनी विचारलं की एका ओळीत उत्तर द्यायचं आणि खाली बसायचं. घरात मोठे बसले असले की आपण बोलायचं नाही. स्पर्धा परीक्षेत चार पर्यायांतला एक गोल काळा केला की झालं. मत सांगून ‘काहून’ हेही सांगायची सवय आपल्याला कोणी लावलीच नाही, आणि ही परीक्षा नेमकं तेच मागते.

बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची, तीन भागांत. पहिल्या भागात घर, काम, गाव, आवडीनिवडी. दुसऱ्यात एक कार्ड हातात देतात, विचार करायला एक मिनिट मिळतं आणि मग एक ते दोन मिनिटं एकट्याने बोलायचं असतं. तिसऱ्या भागात त्याच विषयावर पण वरच्या पातळीचे प्रश्न येतात: तरुण मुलं शेती काहून सोडतात, म्हाताऱ्यांची काळजी कोणी घ्यावी, घरच्यांनी की सरकारने. अशा प्रश्नांवर आपल्याकडे पारावर तासन्‌तास भांडणं होतात. म्हणून बोलायला विषय लंडनमधून आणू नका. बोंडअळी, संत्र्याची गळ, गावातली बंद पडत चाललेली शाळा, मुलीच्या लग्नाचा खर्च यांवर तुमचं मत आधीच तयार आहे. ते मराठीत नक्की करा: माझं म्हणणं काय, कारण कोणतं, गावातलं उदाहरण कोणतं. मग इंग्रजीत बोला. मराठी वाक्याचं भाषांतर मात्र करू नका, वाक्य लांबतं आणि मध्येच तुटतं. परीक्षक शेतीतला जाणकार नसतो. तुमचं म्हणणं खरं की खोटं याचे गुण नसतात, ते नीट उलगडलं का याचे असतात.

सरावाला इंग्रजी येणारा सोबती पाहिजे, हा हट्ट सोडा. गावात तो मिळत नाही आणि त्याची वाट पाहण्यात वर्ष जातं. फोनवर रेकॉर्ड करा. आज बोललेलं उद्या ऐका. कुठे थांबलो, कोणता शब्द दहादा आला, वाक्य अर्धवट कुठे सोडलं, हे आपलं आपल्याला कळतं. आईला समोर बसवलं तरी चालतं. तिला इंग्रजी कळत नसेल, पण पोरगी कुठे अडखळली ते तिला बरोबर कळते. तालुक्याच्या अभ्यासिकेत एमपीएससी करणारी मुलं असतात. त्यांच्याकडे चालू घडामोडींची माहिती पोतंभर असते, त्यांच्याशी आठवड्यातून एक-दोनदा इंग्रजीतून वाद घाला. आणि गावात कोणी म्हणेलच, ‘काय बे, इंग्रजी फाडून राह्यला!’ म्हणू द्या. ज्यांना लाज वाटते त्यांनी वावरात जाताना बोलावं. तिकडे ऐकायला बैल नाहीतर वानर.

उच्चारांचं एवढं भेव घेऊ नका. गोऱ्यासारखं बोलण्याचे गुण नाहीत, समजण्यासारखं बोलण्याचे आहेत. तरी आपल्याकडच्या काही सवयी सोडाव्याच लागतात. ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’मधला पुढचा ‘इ’ काढा. ‘शिप’ आणि ‘शीप’ वेगळे ऐकू आले पाहिजेत, मराठीत आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो आणि बोलताना सोडून देतो. इंग्रजीत शब्दाच्या एकाच भागावर जोर पडतो आणि तो जागा बदलतो: ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्यावर, ‘फटॉग्रफर’मध्ये दुसऱ्यावर. व्याकरणात ‘ए’ आणि ‘द’ गळतात, कारण मराठीला त्यांची गरजच पडत नाही. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ आणि ‘आय डिड नॉट वेंट’ ही दोन वाक्यं तर आपल्या बोलण्यात हमखास सापडतात. रेकॉर्डिंग ऐकताना एका आठवड्यात एकच चूक पकडा. सगळ्या एकदम पकडायला गेलं की बोलणंच बंद होतं.

लेखनाला एक तास आणि दोन कामं. पहिल्यात तक्ता किंवा आलेख पाहून निदान 150 शब्द, दुसऱ्यात निदान 250 शब्दांचा निबंध. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट, म्हणून त्याला 40 मिनिटं ठेवा. पहिल्याचा सराव घरच्या आकड्यांवर होतो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव घ्या: 2023-24 ला क्विंटलला 7020 रुपये, 2024-25 ला 7521, 2025-26 ला 8110. भाव दरवर्षी वाढला, दुसऱ्या वेळची वाढ पहिलीपेक्षा मोठी, 501 च्या जागी 589. एवढंच लिहायचं. आपल्या माणसाचा हात इथे थांबत नाही. तो लगेच लिहितो की भाव वाढला तरी खत-बियाण्याचा खर्च निघत नाही, खरेदी केंद्र उशिरा सुरू होतं. सगळं खरं आहे, पण आलेखात जे नाही ते लिहिलं की उत्तर भरकटलं. पोटातला राग निबंधासाठी ठेवा.

निबंधात आपली शाळा आडवी येते. मराठी निबंधाची सुरुवात आपण सुविचाराने करतो, मग दोन्ही बाजू गोड-गोड मांडतो आणि शेवटी ‘प्रत्येकाने विचार केला पाहिजे’ म्हणून हात जोडतो. इथे पहिल्याच परिच्छेदात तुमची बाजू कळली पाहिजे. समजा विषय आहे, तरुणांनी गाव सोडून शहरात जाण्याचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का. पहिल्या परिच्छेदात ‘माझ्या मते जास्त आहेत’ असं साफ लिहा. दुसऱ्यात एक कारण आणि त्याचं उदाहरण: कोरडवाहू शेतीत चार महिने काम, उरलेले महिने रिकामे, म्हणून पुण्याला गेलेल्या पोराच्या पगारावर घर चालतं. तिसऱ्यात दुसरं कारण, किंवा समोरच्याचं म्हणणं मान्य करून त्याला उत्तर. शेवटी दोन ओळींत बाजू पुन्हा सांगून थांबा. क्लासवाले पाठ करायला तयार सांगाडे देतात, ‘इट इज अ हॉटली डिबेटेड टॉपिक’ छापाचे. परीक्षकाने ते वाक्य त्याच दिवशी आधीच वाचलेलं असतं आणि पाठ केलेलं लिखाण त्याला ओळखू येतं. क्लासला जायचंच असेल तर एकच पाहा: तुमचा निबंध कोणी लाल पेनाने तपासून परत देतं का. देत नसेल तर गावच्या हायस्कूलच्या इंग्रजीच्या मास्तरांकडे वही घेऊन जा. त्यांना बँड कळणार नाहीत, पण काळ आणि वचनाच्या चुका ते सोडत नाहीत.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. ही परीक्षा आता बहुतेक जण संगणकावर देतात, आणि आपल्याकडे फोनवर अंगठ्याने भराभर लिहिणाऱ्या पोरीने कीबोर्डला कधी हात लावलेला नसतो. 250 शब्द टाइप करण्यातच तिचा वेळ संपतो. प्रत्येक तालुक्याला टायपिंग इन्स्टिट्यूट असते, जिथे पोरं सरकारी नोकरीसाठी जीसीसी-टीबीसी या सरकारी टायपिंग परीक्षेचं इंग्रजी 30, म्हणजे मिनिटाला 30 शब्द, करतात. तिथे दोन-तीन महिने बसा. परीक्षा नाही दिली तरी हात बसतो.

ऐकण्याच्या भागात 40 प्रश्न, साधारण अर्धा तास, आणि रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन असे निरनिराळे आवाज येतात. बीबीसी लर्निंग इंग्लिशचे छोटे कार्यक्रम वायफायवर डाऊनलोड करून ठेवा, म्हणजे टॉवर गेला, लाईन गेली तरी ऐकता येतात. कापूस वेचताना कानात घालून ऐकलं तरी हरकत नाही, फक्त दिवसातून एकदा वही-पेन घेऊन बसून ऐका. आकडे, तारखा आणि नावांची स्पेलिंग यांत सोपे गुण जातात. वाचनात तीन उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटं. उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही. दोन्हीकडे 40 पैकी साधारण 30 बरोबर आले की 7 बँडच्या आसपास जाता येतं, म्हणजे दहा प्रश्न सुटले तरी चालतं. एका प्रश्नावर अडून बसू नका.

नवऱ्याच्या व्हिसावर इकडे आलेल्या ताईंना वाटतं की इंग्लंडात राहिलं की इंग्रजी आपोआप येईल. दुकानातलं आणि शाळेच्या फाटकावरचं येतं, परीक्षेचं येत नाही. दिवसभर घरात मराठी मालिका सुरू असेल तर दारव्हा आणि डर्बी सारखंच. इथल्या सार्वजनिक वाचनालयात जा, बऱ्याच ठिकाणी गप्पांचे गट भरतात, तिथे पैसे लागत नाहीत. आणि वर सांगितलेलं रेकॉर्डिंग इथेही सोडू नका.

परीक्षेला मूळ पासपोर्ट लागतो, नोंदणीत ज्याचा नंबर दिला तोच. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळा क्रम, लग्नानंतर बदललेलं नाव तिसरंच, असा घोळ आपल्याकडच्या बायांच्या कागदांत फार असतो. तो नोंदणीच्या आधी मिटवा. केंद्र नागपूरला घेतलं तर आदल्या दिवशी संध्याकाळीच पोहोचा, पहाटेच्या एसटीच्या भरवशावर राहू नका. काही ठिकाणी बोलण्याची परीक्षा व्हिडिओ कॉलवर होते आणि तिची वेळ वेगळी दिलेली असू शकते, ती नीट वाचा. एकाच भागात कमी पडलात तर वन स्किल रिटेक म्हणून तेवढाच भाग 60 दिवसांच्या आत पुन्हा देता येतो. पण तसा निकाल तुमचं विद्यापीठ मानतं का ते पैसे भरण्याआधी विचारा.

निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून तारीख शेतीकडे पाहून घ्या. सोयाबीन सोंगणीपासून कापसाची वेचणी संपेपर्यंत घरात कोणी तुम्हाला अभ्यासाला मोकळं सोडणार नाही, आणि एप्रिल-मे लग्नांत जातो. जानेवारीच्या प्रवेशासाठी पोळ्याच्या मागेपुढे परीक्षा द्या. सप्टेंबरच्या प्रवेशासाठी फेब्रुवारी-मार्च बरा, हरभरा काढायला दुसरं माणूस ठरवून.